माइनक्राफ्टमधलं देऊळ आणि थट्टा

प्रश्न (मालवण): माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या खेळात, सगळे मिळून खेळतो त्या सर्व्हरवर भावाबरोबर गावच्या रवळनाथाचं देऊळ बांधलं. जांभ्यासाठी टेराकोटा, घंटेसाठी सोन्याच्या ठोकळ्यावर नोट ब्लॉक, म्हणजे सूर वाजवणारा ठोकळा. कुणीतरी गाभाऱ्यात कोंबडी कोंडून पाटी लावली, 'देव ऑफलाइन आहे'. फार लागलं मनाला. चॅटवर आरतीचं आमंत्रण टाकू की गप्प बसू?

उत्तर (वेंगुर्ला): थट्टेचं आपल्याला वावडं नाही. दशावतारात संकासुर देवळासमोरच भटजींची टर उडवतो, अख्खा गाव हसतो. पण तो आपल्यातला. दुसऱ्याच्या गाभाऱ्यात शिरणं वेगळं, अ‍ॅडमिनला सांगच.

उत्तर (देवगड): आमंत्रण टाक गो, पण एकदाच. सारखं टाकलंस तर म्यूट करतील. चतुर्थीला मी असंच आमंत्रण टाकलं, तर माझ्याकडे दोघं आले. एकाने विचारलं, दीपमाळ कशी पेटवतात? तासभर बोलत बसलो.

मालवण: कोंबडी बाहेर काढली. शनिवारी आरती, या.