एलएसडीच्या सवयीसाठी दाखल करावे की ओपीडीतून उपचार घ्यावेत? (ठाणे–नवी मुंबई)

खारघरची_वाचक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. तो ऐरोलीत एका कंपनीत नोकरी करतो आणि घणसोलीला दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो. आईबाबा ठाण्यात वर्तकनगरला असतात. साधारण वर्षभर तो जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी एलएसडीचे, म्हणजे भास घडवणाऱ्या अमली द्रव्याचे, ‘पेपर’ (ते द्रव्य लावलेले कागदाचे तुकडे) घेत होता, अधूनमधून नशेचे मशरूम, आणि गांजा तर आठवड्यातले बहुतेक दिवस. दारू फारशी नाही. सोमवारच्या दांड्या वाढल्या, कंपनीतून ताकीद मिळाली, तेव्हा त्याने हे सगळे आपणहून मला सांगितले. ‘ताई, मला थांबायचे आहे, पण कुठे कोंडून घेणार नाही,’ असेही तो म्हणाला.

बाबांनी बदलापूरकडच्या एका निवासी केंद्राशी बोलणे केले आहे. तिथे तीन महिने राहायचे, त्यातले पहिले पंधरा दिवस ‘डिटॉक्स’, फोन बंद आणि पैसे आगाऊ. मुलगा तयार नसेल तर गाडी पाठवून घेऊन जाऊ, असेही केंद्रवाल्यांनी सांगितले, आणि तिथेच माझे मन खट्टू झाले. दाखल न करता उपचार घ्यायचे, तर मला चार वाटा दिसतात: ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी, वाशीतले खाजगी मानसोपचारतज्ज्ञ आणि जोडीला सायकॉलॉजिस्ट, एखादा स्वमदत गट, किंवा केवळ ऑनलाइन समुपदेशन. यांतली निवड कशाच्या आधारावर करावी, आणि ओपीडी पुरणार नाही हे कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_समाजसेविका_ठाणे

ताई, व्यसनोपचाराच्या विभागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, त्या आधारावर लिहिते. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, हे गृहीत धरावे.

सर्वांत आधी त्या पंधरा दिवसांच्या डिटॉक्सबद्दल. दारू, ब्राउन शुगर किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या की शरीर बंड करते. दारू आणि गोळ्यांच्या बाबतीत तर फिट येण्यापर्यंत वेळ जाते, म्हणून तिथे दाखल करण्याला वैद्यकीय कारण असते. एलएसडी आणि मशरूम यांच्या बाबतीत असा ओळखीचा शारीरिक विथड्रॉवल दिसत नाही. उलट या पदार्थांना शरीर इतक्या लवकर सरावते की सलग दिवस घेतल्यास परिणाम झपाट्याने बोथट होतो आणि काही दिवसांच्या खंडानंतर पूर्ववत होतो. तुमच्या भावाचे सेवन शनिवार-रविवारपुरते राहिले, त्यामागे हेही एक कारण असू शकेल. त्यामुळे एलएसडीसाठी पंधरा दिवस डिटॉक्स करणारे केंद्र नेमके काय उतरवणार आहे, हे बाबांनी त्यांना जरूर विचारावे.

त्याच्या शरीराला जो त्रास होईल तो गांजा सोडल्याचा. चिडचिड, उडालेली झोप, मंदावलेली भूक ही लक्षणे एक-दोन दिवसांत सुरू होतात आणि बहुतेकांची दोन आठवड्यांच्या आसपास ओसरतात. हे ओपीडीतून सहज सांभाळता येते. ‘आधी एलएसडी सोडतो, गांजा नंतर बघू’ असा सौदा मात्र मान्य करू नका.

आता औषधांविषयी. भ्रमजनक पदार्थांची ओढ थांबवणारे मान्यताप्राप्त औषध आजमितीला नाही. म्हणजे इथे उपचाराचा गाभा बोलण्याचा आहे: सेवनाकडे नेणारे प्रसंग, विचार आणि माणसे हेरून त्यांच्याशी वेगळे वागायला शिकवणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत, आणि थांबण्याची इच्छा त्याची स्वतःची व्हावी म्हणून घेतलेल्या मुलाखती. मानसोपचारतज्ज्ञ लागतात ते मुख्यतः दुसऱ्या कामासाठी. पदार्थाच्या आड नैराश्य, चिंताविकार, बायपोलर किंवा सायकोसिसची (भास-भ्रमांमुळे वास्तवाचे भान सुटण्याची) सुरुवात दडलेली आहे का, हे त्यांनाच पाहावे लागते. पहिल्या भेटीत दोन गोष्टी न विचारता सांगा. एक, जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे का. दोन, नशा नसतानाही त्याला हलत्या वस्तूमागे रेघ ओढल्यासारखी दिसते का, किंवा नजरेसमोर बारीक दाणे चमकतात का. अशा तक्रारी महिनोन्महिने राहू शकतात, त्यांना वेगळे निदान आहे, आणि ते माहीत असल्यावर औषधाची निवड बदलते. लिथियम चालू असताना एलएसडी घेतल्याने फिट आल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा औषधे देणाऱ्यापासून सेवन लपवण्यात धोका आहे.

तुमच्या चार वाटांपैकी मी मनोरुग्णालयाची ओपीडी वरच्या क्रमाने ठेवीन, निदान पहिल्या तपासणीसाठी तरी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत आणि डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक एकाच आवारात भेटतात. अडचणीही खऱ्या आहेत: ओपीडी सकाळची, रांग मोठी, दर वेळी तेच डॉक्टर मिळतील याची खात्री नाही, आणि आधीच दांड्यांमुळे ताकीद मिळालेल्या मुलाने दर आठवड्याला अर्धा दिवस रजा कशी काढावी? वाशीतल्या खाजगी उपचारात संध्याकाळची वेळ आणि तोच माणूस, हे मोठे फायदे आहेत. मात्र मानसोपचारतज्ज्ञ आणि सायकॉलॉजिस्ट एकमेकांशी बोलणार आहेत का, हे आधी विचारून घ्या. नाहीतर एकाला वाटते दुसरा पाहतो आहे. पहिली तपासणी सरकारी ठिकाणी आणि साप्ताहिक समुपदेशन खाजगीत, अशी मोटही बांधता येते. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्याचे काम करणारी जुनी संस्था आहे, तिथेही चौकशी करा.

केवळ ऑनलाइन समुपदेशनाने सुरुवात नको. समोर बसलेल्या माणसाची विस्कटलेली झोप, तुटक बोलणे, खांद्यामागे वळून वळून पाहणे हे कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही. घडी बसल्यावर अधूनमधून ऑनलाइन भेटायला हरकत नाही.

स्वमदत गट, म्हणजे नार्कोटिक्स ॲनॉनिमस, मोफत असतात आणि पूरक म्हणून उत्तम. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भ्रमजनक पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण अवघे ०.१२ टक्के आढळले होते. साहजिकच गटात बहुतेकजण दारू किंवा ब्राउन शुगरमधून आलेले असणार, आणि ‘मी यांच्यातला नाही’ असे म्हणून तो पहिल्याच दिवशी उठून येण्याचा संभव आहे. त्याला हे आधीच सांगून ठेवा. समुपदेशक निवडतानाही, असे रुग्ण पूर्वी पाहिले आहेत का, हे विचारायला संकोचू नका.

ओपीडी पुरणार नाही, याच्या खुणा थोडक्यात: आत्महत्येचे विचार, नशा उतरल्यावरही राहिलेले भास किंवा संशय, सोबत दारू अथवा झोपेच्या गोळ्यांचे रोजचे सेवन, आणि ओपीडीचे प्रामाणिक प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे. पहिल्या दोन दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

घोडबंदर_रोड

बाईंच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनही वेगळे मत मांडतो. आमच्या पुतण्याची ओपीडी काही महिने नियमित चालू होती. डॉक्टर चांगले, औषधे वेळेवर, आणि शुक्रवारी रात्री पुन्हा तीच खोली, तेच मित्र. आठवड्यातला एक तास समुपदेशकाचा आणि उरलेला आठवडा त्या खोलीचा, असे गणित असेल तर जिंकणार कोण? शेवटी पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात तो राहिला, तेव्हा कुठे फरक पडला. १९८६ पासून काम करणाऱ्या संस्थेची शिस्त वेगळी आणि गाडी पाठवणारे वेगळे, हे मला मान्य आहे. पण निवासी उपचार म्हणजे कोंडणे, ही समजूत मात्र काढून टाकावी.

निवृत्त_समाजसेविका_ठाणे

आपला मुद्दा रास्त आहे, आणि तो खोलीचा आहे. म्हणूनच घणसोलीचे घर सोडून निदान काही महिने वर्तकनगरला राहण्याची अट मी ओपीडीच्या निर्णयाला जोडीन. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून ऐरोली जवळ आहे, नोकरीला बाधा येत नाही. तो घर सोडायलाच तयार नसेल, तर त्याच्या ‘थांबायचे आहे’ या म्हणण्याचे वजन किती, तेही कळेल. चांगल्या निवासी संस्थेचा पर्याय दुसरी पायरी म्हणून ठेवावा आणि तो भावाला आत्ताच, धमकीच्या सुरात न बोलता, सांगून टाकावा.

कोर्टनाक्याजवळ

मी वकील आहे, कायद्यापुरते लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्थांचा समावेश केला आहे. सज्ञान व्यक्तीला तिच्या संमतीविना दाखल करायचे, तर कलम ८९ प्रमाणे तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, स्वतःला किंवा इतरांना धोका, किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता यांसारखी गंभीर कारणे लागतात, आणि हा प्रवेश जास्तीत जास्त तीस दिवसांचा असतो. वडिलांनी फोन केला म्हणून मुलाला गाडीत घालून तीन महिने नेणे यात कुठेही बसत नाही. केंद्राकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, ते कागद पाहूनच ठरवा.

उपचाराला गेलो तर पोलिसांना कळेल, ही भीती अनेकांना असते. याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणे बंधनकारक केले आहे. शिवाय एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी वा शासनमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. एलएसडीचे अल्प प्रमाण, म्हणजे ज्याच्या पुढे शिक्षा वाढते ती मर्यादा, ०.००२ ग्रॅम आहे, हेही त्याच्या कानावर घाला. मित्रांसाठी पेपर सांभाळून ठेवणे किती महागात पडू शकते, हे या आकड्यावरून समजेल.

विम्याच्या भरवशावर राहू नका. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असे कलम २१ सांगते, पण पुष्कळ पॉलिसींमध्ये व्यसनाच्या उपचारांना वगळणारे कलम असते आणि ओपीडीचा खर्च तर वेगळे कवच घेतल्याशिवाय सहसा मिळत नाही.

सीवूड्स_पूर्व

मी स्वतः या वाटेने गेलो आहे. माझे सगळे उपचार ओपीडीतूनच झाले. सोमवार ते शुक्रवार मला काहीच जड गेले नाही. सारा प्रश्न शनिवार संध्याकाळचा होता. समुपदेशकाने म्हणून माझी भेट मुद्दाम शनिवारी सायंकाळी सहाला ठेवली, आणि नंतरचे तास कुठे, कुणाबरोबर जाणार, हे कागदावर लिहून घेतले. तुमच्या भावासाठी वेळ ठरवताना हे जरूर सुचवा. दुसरे असे की, नजरेसमोरच्या रेघा माझ्या बाबतीत गांजा बंद केल्यावरच कमी झाल्या. तोवर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेटे घालत होतो. एखादा ‘स्लिप’ झाला, म्हणजे पुन्हा सेवन घडले, तर घरच्यांनी आकांत न करता पुढची भेट अलीकडे आणावी, कारण आकांताच्या भीतीने माणूस खोटे बोलू लागतो आणि मग ओपीडीला अर्थ राहत नाही.

खारघरची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. बाबांना घरी लघवी तपासणीचे किट आणून दर रविवारी तपासायचे आहे. आणि भाऊ म्हणतो की परदेशात मशरूममधल्या द्रव्याने नैराश्यावर उपचार करतात, मग मी घेत होतो ते विष कसे?

निवृत्त_समाजसेविका_ठाणे

किटची पट्टी सहसा गांजा, अफूजन्य पदार्थ, झोपेच्या गोळ्या अशा ठरावीक गोष्टी दाखवते. एलएसडी आणि सायलोसायबिन (मशरूममधले द्रव्य) त्यात धरले जात नाहीत, आणि एलएसडीची मात्रा इतकी सूक्ष्म असते की त्यासाठी खास प्रयोगशाळा लागते. म्हणजे पट्टी स्वच्छ आली तरी एलएसडीबद्दल काहीच सिद्ध होणार नाही. गांजापुरता उपयोग आहे, पण नियमित घेणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यानंतरही काही आठवडे सापडू शकतो, म्हणून पहिल्या महिन्यात पट्टीवरून आरोप करू नका. तपासणी करायचीच, तर ती समुपदेशकाच्या हाती द्या. बाबांना पहारेकरी करू नका.

दुसऱ्या शंकेत तथ्य आहे, म्हणून ती उडवून लावू नका. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना इतर उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देण्याची मुभा दिली आहे. तिथे द्रव्याची शुद्धता आणि मात्रा ठाऊक असते, घेताना प्रशिक्षित माणूस जवळ बसतो, आणि अशा अभ्यासांत सायकोसिसचा इतिहास असलेल्यांना सहसा आधीच वगळले जाते. घणसोलीत मिळालेल्या कागदावर एलएसडीच आहे हेदेखील कुणी सांगू शकत नाही. त्या नावाखाली एनबीओएमई गटातली रसायने खपवली गेली आहेत आणि त्यांनी मृत्यू ओढवले आहेत. हा वाद त्याने डॉक्टरांशी घालावा, तुमच्याशी नाही. त्या निमित्ताने तो डॉक्टरांसमोर बोलता झाला तर चांगलेच.

भेटीची तारीख मिळेपर्यंत काही विचारायचे असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. पहिल्या भेटीला जाताना त्याने गेल्या तीन महिन्यांत काय, किती आणि कुणाबरोबर घेतले, याची यादी त्याच्याच अक्षरात न्यावी. बाबांनी सोबत यावे, पण आत आधी त्याला एकट्याला जाऊ द्यावे.