उल्पियनला डोक्यावर घ्यावं का?

पक्षकार:
ज्युरिस्प्रुडन्स, म्हणजे कायद्यामागचा विचार, शिकायला घेतलं की उल्पियन, तिसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित, येतोच. प्रामाणिकपणे जगा, दुसऱ्याला इजा करू नका, ज्याचं त्याला द्या, हे त्याचंच, आणि कायदेपंडित म्हणजे न्यायाचे पुजारी हेही त्यानंच लिहिलेलं. पण याच माणसानं असंही लिहून ठेवलंय की सम्राटाला जे रुचेल त्याला कायद्याचं बळ असतं, आणि सम्राट कायद्याला बांधील नसतो. पुढं युरोपातल्या राजांनी कितीतरी शतकं हीच वाक्यं दाखवून मनमानी केली. आणि त्याचं बरंचसं लिखाण कधीचं, तर सम्राट कॅराकॅलाच्या राज्यातलं, ज्यानं इ.स. २११ मध्ये सख्ख्या भावाला, गेटाला आईच्या मिठीत असताना मारायला लावलं. पॅपिनियन हा त्या काळातला सगळ्यात मोठा कायदेपंडित, त्यालाही २१२ मध्ये मारलं, आणि त्यानंतरची चार-पाच वर्षं उल्पियन ग्रंथामागून ग्रंथ लिहीत होता. बुद्धी अफाट, वादच नाही. पण त्याला स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून मिरवणं मला अजिबात पटत नाही.

इतिहासवेडा:
दोन्ही वाक्यं अर्धी उचललीत तुम्ही. पहिल्या वाक्यात पुढं त्यानं कारण दिलंय, लोकांनीच कायदा करून आपली सगळी सत्ता सम्राटाला दिली म्हणून. म्हणजे सत्तेचं मूळ लोकांकडे, देवाकडे नाही की घराण्याकडे नाही. दुसरं वाक्य तर पहिला सम्राट ऑगस्टस याच्या लग्न आणि वारशाच्या कायद्यांवरच्या भाष्यातलं आहे. त्या कायद्यांनी अविवाहित आणि निपुत्रिक लोकांच्या वारसाहक्कावर बंधनं घातली होती, सम्राटाला त्यातून सूट होती, सम्राज्ञीला मुळात नव्हती पण सम्राट तिला तीच सवलत देतात, एवढीच बारीक तांत्रिक गोष्ट तो तिथं सांगत होता. मग तीनशे वर्षांनी सम्राट जस्टिनियननं त्याचा कायदेपंडित ट्रिबोनियन याच्या समितीला जुने ग्रंथ कापून एक संकलन, म्हणजे डायजेस्ट, करायला सांगितलं, ५३० ते ५३३ मध्ये तीस लाख ओळींच्या दीड लाख ओळी झाल्या, आणि हे वाक्य संदर्भ तोडून 'कायदे' या सर्वसाधारण मथळ्याखाली जाऊन बसलं. डायजेस्टचा एक तृतीयांशाहून जास्त भाग उल्पियनचा आहे म्हणून सगळ्याचं बिल त्याच्या नावावर फाडलं जातं, कात्री मात्र दुसऱ्यांची होती.

पक्षकार:
दुसऱ्या वाक्याचं मान्य. पहिल्याचं नाही. लोकांनी सत्ता दिली म्हणता, पण तिसऱ्या शतकात लोकांना विचारत होतं कोण? रोमन लोकांच्या सभांचं मतदान कधीच कागदावर उरलेलं. आणि दिलेली सत्ता परत घेता येते का, यावर त्या वाक्यात चकार शब्द नाही.

मांडवीकाठ:
सगळे सम्राटावरच अडकलेत म्हणून लिहितोय. आमच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे मुलाबाळांचा अर्धा हिस्सा राखीव धरला जायचा, मृत्युपत्रानं उरलेला अर्धाच कोणाला द्यायचा तो द्या. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमधल्या वाटपाची, केस बघितलेल्या कुठल्याही घराला लेजितिमा, म्हणजे हा राखीव हिस्सा, काय असतो हे शिकवावं लागत नाही. याची मुळं शेवटी रोमन कायद्यात आहेत. तिथं फाल्सिडियन कायदा होता, इ.स.पू. ४० चा, वारसाच्या हातात किमान पाव इस्टेट पडलीच पाहिजे असा. आता एखाद्यानं म्हाताऱ्या नोकराला तहहयात पोटगी लिहून दिली तर वारसाचा पाव हिस्सा उरतो का हे बघायला ती रक्कम किती धरायची? त्याचा तक्ता उल्पियनच्या नावावर आहे. विशीच्या आतल्याला ३० वर्षांची पोटगी धरा, २० ते २५ ला २८ वर्षांची, असं उतरत उतरत साठीच्या पुढच्याला ५ वर्षांची. आयुर्विमा यायच्या कितीतरी शतकं आधी हा माणूस वयाप्रमाणे हिशोब मांडतोय! विधवा, पोरकी मुलं, नोकर यांच्या भाकरीचा हिशोब ज्यानं इतक्या बारकाईनं केला तो मला मोठाच वाटतो.

कोर्टकचेरी:
तक्ता भारीच आहे. पण गुलामांचं काय? त्यानंच लिहिलंय की नागरी कायद्याच्या लेखी गुलाम म्हणजे कुणीच नव्हेत पण निसर्गाच्या कायद्यानं सगळी माणसं समान. हे वाचून ऊर भरून येतो. मग त्याचंच बाजारच्या नियमांवरचं भाष्य उघडा. गुलाम विकताना तो आजारी आहे का, पळपुटा आहे का, भटक्या आहे का हे विकणाऱ्यानं सांगायचं, नाहीतर गिऱ्हाईक माल परत करू शकतं. छळ करून जबाब घेण्याबद्दल म्हणतो की हा प्रकार नाजूक आणि धोक्याचा आहे, सत्याला चकवतो, काहीजण काहीही सोसतात आणि काहीजण सोसण्यापेक्षा खोटं बोलतात. इतकं कळलेलं असून बंद करा म्हणत नाही! लॅक्टँटियस हा ख्रिस्ती लेखक तर सांगतो की ख्रिश्चनांना कुठल्या शिक्षा द्यायच्या याचे सम्राटांचे हुकूम यानंच गोळा करून ठेवले होते.

इतिहासवेडा:
कोर्टकचेरी, तुम्ही दिलेलं सगळं खरं आहे आणि मला ते टोचतंच. तरी मी त्याच्याच बाजूनं. ज्या राज्याचा गाडाच गुलामांवर चालत होता त्याच्या कायद्याच्या पुस्तकात, भाषणात नव्हे, सगळी माणसं समान हे वाक्य त्यानं घातलं, आणि ते पुसलं गेलं नाही. निरपराध्याला शिक्षा होण्यापेक्षा गुन्हेगार सुटलेला बरा हे सम्राट ट्रेजनचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेही उल्पियननं नोंदवलं म्हणून. आणि तो सुखानं मेला नाही. सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसच्या वेळी तो प्रिटोरियन गार्डचा, म्हणजे सम्राटाच्या रक्षक दलाचा, प्रमुख होता, त्याच शिपायांनी रात्री हल्ला केला, तो पळत राजवाड्यात सम्राट आणि त्याच्या आईपाशी गेला, तरी त्याला कापलं. आधी हे साल २२८ मानायचे, इजिप्तमधल्या एका पपायरसमुळे (जुन्या कागदपत्रामुळे) आता २२३ च्या आसपास धरतात.

पक्षकार:
हे सांगणारा त्या काळचा इतिहासकार डिओ कॅसियस हेही सांगतो की उल्पियननं आधीच्या दोन प्रमुखांना, फ्लाव्हियानस आणि क्रेस्टसला, त्यांची जागा मिळावी म्हणून मारवलं. तेही घ्या की. आणि पुढचं बघा, खुनामागचा मुख्य माणूस एपागाथस, त्याला रोममध्ये शिक्षा केली तर दंगा होईल म्हणून आधी इजिप्तचा गव्हर्नर करून पाठवलं, मग तिथून क्रीटला नेऊन मारलं. ना खटल्याचा उल्लेख, ना सुनावणीचा. ज्याच्या शब्दाला कायद्याचं बळ असतं असं उल्पियननं लिहिलं त्या पदावरच्या माणसाला उल्पियनच्याच खुन्याला राजधानीत हात लावायची हिंमत नव्हती. इतिहासवेडा, मला याचं उत्तर हवंय: बळ सम्राटाच्या शब्दात नाही, गार्डच्या तलवारीत आहे हे गार्डचा प्रमुख असलेल्या माणसाला दिसत नव्हतं का? आणि दिसत असेल तर त्यानं काय केलं?