वरून मॅट मारून भागणार नाही

फायबरच्या होडीत इंजिनाच्या बोल्टांजवळून पाणी झिरपतंय, वरून एक थर मॅट-रेझिन (काचतंतूंची चटई आणि ती घट्ट करणारा राळेसारखा द्रव) मारू का, असं विचारलंत. मारू नका. ओल आतच कोंडेल.

आधी मागची फळी, म्हणजे जिच्यावर इंजिन बसतं आणि जिच्या फायबरच्या आत प्लाय असतो ती, हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. सुक्या जागी टणटण वाजतं, भिजलेल्या जागी बद्द. तिथे पेन्सिलीने खुणा करून आतल्या बाजूने ५-६ मिलीमीटरची भोकं पाडा आणि ड्रिलला येणारा भुसा बघा. आमच्या मालवणच्या होडीत तो चहाच्या चोथ्यासारखा काळा आणि ओला निघाला, वास कुबट. बाहेरून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, मात्र चकचकीत!

खाऱ्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी प्लाय जास्त कुजवतं, बुरशीला मीठ फारसं मानवत नाही. म्हणून १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागल्यावर होडी शाकारताना तळाचं बूच काढून ठेवा आणि नाक थोडं वर ठेवा.

दुरुस्ती उन्हाळ्यातच. पावसात लाकूड सुकणं विसरा. आतला फायबरचा पापुद्रा कापा, कुजका प्लाय घट्ट लाकूड लागेपर्यंत कोरून काढा, मग मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लाय) इपॉक्सीत (दोन भाग मिसळून वापरायचं चिवट रेझिन) बसवा. इपॉक्सी वापरणार असाल तर साधी तुकड्यांची मॅट नको, तिचा बाइंडर (तुकडे एकत्र धरणारा चिकट पदार्थ) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननेच विरघळतो. विणलेलं कापड घ्या.

बोल्टाची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातच नवीन भोक पाडा. आमच्याकडे पहिल्यांदा हेच राहिलं होतं, दोन वर्षांत पुन्हा तोच चोथा.