पिंडारच्या रस्त्याकडेची फुलं: रोज एक फोटो टाकायचाय, सोबत काय लिहू?

रानवाटा (पर्थ):
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं गाडीने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून मलेवा या गावी जाऊन आलो. जाताना जवळजवळ साडेचारशे किलोमीटर. फोटो निघाले तीनशे चाळीस. त्यातले निवडक, रोज एक, इथे टाकावेत असं मनात आहे. अडतंय ते सोबतच्या मजकुरापाशी.

मलेवाच्या पुढे पिंडारजवळ रीथ फ्लॉवर उगवतं. नावाप्रमाणे पुष्पचक्रच. झुडूप जमिनीलगत ताटासारखं पसरतं, मध्ये हिरवी पानं आणि फुलं फक्त कडेने, गोल. आत पिवळसर पांढरी, काठाला गुलाबी-लाल. आणि हे सगळं कुठे, तर रस्त्याच्या कडेला, माती उकरलेली असते त्या खडीत! मी पोटावर झोपून फोटो काढला. तेवढ्यात मागून ट्रक गेला आणि केसांपासून बुटांपर्यंत लाल धूळ. फोटोत यातलं काही नाही. फूल सुरेख आलंय, पण असं फूल कॅलेंडरवरही असतं. मला तो रस्ता दाखवायचाय.

तसंच मलेवाचं दगडी चर्च. जॉन हॉज मूळचे इंग्लंडचे वास्तुविशारद, पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले आणि 1915 मध्ये इकडे आले. 1920 ते 1927 या काळात त्यांनी हे चर्च उभारलं, बरंचसं स्वतःच्या हातांनी. आजूबाजूला गव्हाची शेतं आणि मध्येच ही इमारत. मी भिंतीवर तळवा ठेवून बराच वेळ उभी होते, दगड उन्हाने तापलेला होता.

तर फुलं, चर्च, रस्ते असे वेगवेगळे धागे काढू, की प्रवास झाला तसं एकापाठोपाठ टाकू? आणि फुलांची जागा किती नेमकी सांगावी?

मुक्काम_बनबरी:
ताई, एकापाठोपाठच टाका. रस्ता दाखवायचा असेल तर तो तोडून कसा दिसेल?

जागेचं म्हणाल तर रीथ फ्लॉवरसाठी लोक पिंडारला जातातच, ते लपवण्यासारखं नाही. पण दुर्मीळ ऑर्किड असेल तर फक्त परिसराचं नाव द्या. फोनमधल्या फोटोला जागेची नोंद आपोआप चिकटलेली असते, ती आधी काढा. आणखी एक, मनापासून सांगतो. इथल्या मातीत फायटॉफ्थोरा नावाचा रोग आहे. तो बुटांच्या आणि टायरच्या चिखलातून पसरतो आणि बँक्सिया या इथल्या रानझाडांची मुळं कुजवतो. एका ओळखीच्या वाटेवर मी अख्खी बँक्सियाची झाडी वाळलेली पाहिली आहे. तेव्हा जंगलाच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश दिसला की त्याचाही फोटो काढा. इथली रानफुलं तोडायला कायद्याने बंदी आहे, हेही एखाद्या फोटोखाली येऊ द्या.

जुनी_पानं (मेलबर्न):
माझं मत थोडं वेगळं. रोज नको, आठवड्याला एक टाका, पण खणून टाका. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. गावाचं नाव घालून बघा, रात्र कशी गेली कळणार नाही.

वाटेतल्या गावांतली युद्धस्मारकं टिपलीत का? पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती करावी का, यावर इथे 1916 आणि 1917 मध्ये मतदान झालं. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. म्हणजे समुद्रापार लढायला गेलेला प्रत्येक जण स्वतःहून गेलेला. म्हणून इथल्या पुष्कळ स्मारकांवर परत आलेल्यांचीही नावं असतात. मेलेल्यांच्या नावापुढे खूण असते किंवा त्यांची यादी वेगळी असते. एकेका आडनावाची तीन-तीन नावं वाचताना घसा दाटतो. लांबून खांबाचा फोटो ठीक आहे, पण अक्षरं वाचता येतील असा एक जवळून घ्या.

रानवाटा:
दोघांचेही आभार. स्मारकाचा फोटो आहे, पण लांबूनच. पुढच्या वेळी जवळ जाईन. रोजचा हट्ट मात्र सोडणार नाही. आठवडा थांबले तर धुळीचा वासच विसरेन. ट्रोव्हमधलं सापडेल तसं खाली जोडत जाईन.

पहिला मजकूर लिहिलाय, बघा:

"फोटो 1 आणि 2. जागा एकच, मलेवाच्या अलीकडे कुंपणाजवळ. सकाळी सात वाजता एव्हरलास्टिंगची फुलं मिटलेली, माळ करडा दिसतोय. ह्यांनी विचारलं, यासाठी इतक्या लांब आलो? तिथेच थर्मासमधला चहा घेत थांबलो. अकराला ऊन चढलं तसा माळ गुलाबी होत गेला. पाकळ्या वाटतात ती खरं तर कागदासारखी कोरडी छदं, म्हणजे फुलाभोवतीची पानं, आहेत, बोट लावलं की कुरकुर वाजतात. दुसऱ्या फोटोत डावीकडे दिसतोय तो आमचा थर्मास."