घरचा कॉम्प्युटर: आला तसा वापरायचा की आपल्याजोगा करून घ्यायचा?

नौपाडेकर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराने सगळं घालून दिलं. भाऊबीजेला भाचा आला आणि 'मामा, पाच मिनिटं' म्हणत दोन तास सेटिंग करत बसला. स्टार्टचं बटण मधून उचलून डावीकडे, स्क्रीन काळी, ब्राउझरमधले बुकमार्क गायब. तो गेल्यावर मी एकेक करून सगळं पूर्ववत केलं.

माझं मत स्पष्ट आहे. घरचं सॉफ्टवेअर आलं तसंच ठेवावं. काही अडलं की मी पुण्याला मुलीला फोन लावतो. ती तिच्या स्क्रीनकडे बघून सांगते, 'बाबा, खाली मधोमध निळी खिडकी आहे, तिच्यावर क्लिक करा.' ती खिडकी मधोमध असली तरच मी क्लिक करणार ना! हौस म्हणून सेटिंग बदलणाऱ्यांनी घरातल्या बाकीच्यांचा विचार करावा.

कोपरीकर
+१. मी या वाटेने जाऊन आलोय. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टॅब पत्त्याच्या पट्टीच्या खाली हवेत म्हणून यूजरक्रोमची, म्हणजे ब्राउझरचं रूप बदलणारी, फाइल लिहून ठेवली होती. २०१९ साली ६९ वी आवृत्ती आली आणि ती फाइल वाचणंच बंद झालं. अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन एक लांबलचक नावाचं सेटिंग चालू करावं लागतं, हे कळेपर्यंत रविवार संपला. पुढच्या आवृत्त्यांत पुन्हा काहीतरी हललं. आता टॅब वर असतात आणि मी सुखात आहे.

रफार
दोघांशीही असहमत. 'आलं तसं' म्हणजे कुणासाठी आलेलं?

माझी आई सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती. हात रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला. त्या मांडणीत कागदावर दिसतं त्या क्रमाने बटणं दाबायची, म्हणजे 'दिवाळी' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि द नंतर. विंडोजमध्ये मराठी चालू केलं की इन्स्क्रिप्ट नावाची दुसरी मांडणी मिळते, तिथे द आधी आणि वेलांटी मागून. आमच्या कोपरखैरण्याच्या घरी आईने पहिल्या दिवशी टाइप केलं तेव्हा शब्दाच्या सुरुवातीची प्रत्येक पहिली वेलांटी ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. ती म्हणाली, 'मला येत नाही बाई हे.' जिने तीस वर्षं टायपिंग केलं ती!

रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड वेगळा घालून दिला. त्याच संध्याकाळी मावशीला दीड पानी पत्र. आता ते सेटिंग मी पूर्ववत करू का, नौपाडेकर?

नौपाडेकर
ताई, आईंना नमस्कार सांगा. पण ती गरज झाली. मी हौसेबद्दल बोलतोय. काळी स्क्रीन ही काय गरज?

रफार
माझ्या मिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पांढरी स्क्रीन त्यांच्या डोळ्यात घुसायची. गरज कुठे संपते नि हौस कुठे सुरू होते, ते ज्याचं त्याला कळतं. भाच्याने तुम्हाला न विचारता केलं, तुमचा राग त्याचा आहे. सेटिंगवर का काढताय?

ऐरोली_सेक्टर
विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करता येतं. रंग, कीबोर्ड, तारखेची पद्धत, सगळं ज्याच्या त्याच्या खात्यापुरतं राहतं. भांडण मिटलं.

कोपरीकर
कुठलं मिटतंय! आमच्याकडे चार लॉगिन आहेत आणि लॉग आउट कोणीच करत नाही. आठ जीबी रॅममध्ये चौघांचे ब्राउझर उघडे, मशीन रांगायला लागतं. शेवटी सगळे मुलाच्याच लॉगिनमधून काम करतात, कारण तेच चालू असतं.

नेरुळचा_हिशेबनीस
कीबोर्ड, रंग राहू द्या. नौपाडेकर, मागच्या एका धाग्यात तुम्ही सोसायटीचे खजिनदार असल्याचं लिहिलं होतं. एक करून बघा. कोरी एक्सेल शीट उघडा. एका घरात १३/११/२०२५ लिहा, खालच्या घरात ५/११/२०२५. पहिली तारीख डाव्या कडेला चिकटली आणि दुसरी उजव्या कडेला गेली, तर तुमचा कॉम्प्युटर नौपाड्यात नाही, अमेरिकेत राहतो. तिकडे महिना आधी. तेरावा महिना नसतो, म्हणून पहिली तारीख तो नुसता मजकूर समजतो. दुसरी मात्र ११ मे म्हणून गुपचूप गिळतो, तक्रार न करता.

तसंच साडेबारा लाखांचा सिंकिंग फंड १,२५०,००० असा दिसत असेल. प्रिंटरमध्ये ए-फोर कागद भरलेला असून तो दिवा मिचकावत कागद मागत असेल, तर तो लेटर मापाचा कागद मागतोय, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. सगळं त्याच दुखण्यातलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजन, म्हणजे कुठल्या देशाची पद्धत ते, बदलून इंग्लिश (इंडिया) करा, प्रिंटरचं माप ए-फोर करा. यात हौस कसली?

नौपाडेकर
बघतो. प्रिंटर दिवा मिचकावतो हे खरं. मी प्रत्येक वेळी हिरवं बटण दाबून पुढे जातो, मला वाटलं तशीच पद्धत असेल.

कोपरीकर
हे म्हणजे दुकानदाराने विंडोज घालताना देश निवडायचा कंटाळा केला. त्याच्या चुकीचं खापर डिफॉल्टवर, म्हणजे मुळात आलेल्या सेटिंगवर का?

नेरुळचा_हिशेबनीस
कारण चूक कोणाचीही असो, ती निस्तरायला सेटिंगमध्येच जावं लागतं. आणि 'हात लावायचा नाही' असं ठरवलेला माणूस तिथे जातच नाही.

नौपाडेकर
बघितलं. डावीकडे चिकटली.

रीजन बदललं. मुलीला फोन न करता, हे नमूद करतो. लाख नीट दिसायला लागले. तारखा मात्र सुधारल्या नाहीत. बी विंगच्या चौघांनी नोव्हेंबरचा मेंटेनन्स मे महिन्यातच भरलेला दिसतोय आणि एकाने ३ डिसेंबरचा १२ मार्चला. इतके तत्पर सभासद आमच्याकडे नाहीत.

नेरुळचा_हिशेबनीस
आपोआप सुधारणार नाहीत. आत ११ मे म्हणूनच साठवलंय, आता फक्त आपल्या पद्धतीने दिसतंय. एक ते बारा तारखांच्या नोंदी पावती पुस्तकाशी ताडून हाताने दुरुस्त करा. तेरापासून पुढच्या मजकूर होऊन पडल्यात, त्या पुन्हा टाइप केल्या की तारखा होतील. महिना आणि तारीख एकच असलेली, ११/११ सारखी नोंद तेवढी सुटली.

नौपाडेकर
पावती पुस्तक काढून बसलोय. भाच्याला बोलावलंय, चहा ठेवलाय. स्टार्टचं बटण मधेच राहील, हे त्याला दारातच सांगणार.