प्रेस्टीज म्हणजे प्रतिष्ठा का?

"बाबू, हा माह्या प्रेस्टीजचा सवाल हाये." लेकीच्या लग्नात हजार पानं उठलीच पाहिजेत म्हणून अडून बसलेले शेजारचे काका हे बोलले, अन् तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात तो बऱ्याच जणांनी आधी कुकरवर वाचला. आता लग्न असो की सरपंचकी, तोंडी तोच. अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं: प्रतिष्ठा.

मला हे पटत नाही. इंग्रजीत हा शब्द १७व्या शतकात फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ होता भूल, फसवणूक. फ्रेंचांनी तो लॅटिनमधून घेतला. तिथे 'प्रेस्टिगिए' म्हणजे जादूगाराची हातचलाखी. त्याच्याही मागे 'प्रेस्ट्रिंगेरे' हे क्रियापद मानतात. अर्थ आवळून बांधणं, आणि डोळ्यांच्या बाबतीत दिपवणं. आठवडी बाजारात गारुडी करायचा ती नजरबंदीच की ही! 'प्रेस्टिजियस'सुद्धा १६व्या शतकात 'फसवं' याच अर्थानं चालायचं. मान, दबदबा हा अर्थ १९व्या शतकात रुळला.

प्रतिष्ठा आली 'स्था' धातूतून. स्था म्हणजे उभं राहणं, टिकणं. मोबाइलवरचं 'स्टेटस' निघालं लॅटिन 'स्तारे'पासून, म्हणजे तेही उभं राहणंच, अन् स्तारे हे स्थाचं भावंड. प्रतिष्ठेचं रक्ताचं नातं असलंच तर स्टेटसशी आहे.

मग काकांच्या वाक्यात काय म्हणावं? मी 'बडेजाव' म्हणेन. पत निराळी: मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रवाला ज्याला बियाण्याच्या थैल्या बिनबोभाट उधार देतो, त्याची ती. वट म्हणजे तहसीलीत शब्द चालणं.

प्रतिष्ठा मी पोळ्याला पाहिली. तोरणाखाली जोड्या लागलेल्या, शिंगांना बेगड, झडत्यांची गाणी रंगात आलेली. तेवढ्यात एक म्हातारबा एकच बैल घेऊन आले. जोडीतला दुसरा उन्हाळ्यात गेला होता. पाठीवरची झूल जुनी, कडेला ठिगळ, पण धुऊन स्वच्छ. अगदी पुढच्या जोडीवाल्यानं कासरा ओढून आपले बैल मागं घेतले अन् म्हणाला, "या जी आबाजी, अठी उभे राहा."