भाड्यात सूट देऊन भाडेकरूकडून काम: करावं का?

गावभागकर: लातूरच्या जुन्या गावात माझं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे. मागच्या दोन खोल्या भाड्यानं, महिना ४,५०० रुपये. मृगाच्या आधी माळवदावरचं गवत उपटून पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात घरभर भांडी मांडायची. हे काम जाणणारी माणसं आता मिळेनात. जे मिळाले त्यांनी मातीसकट ११,००० सांगितले. भाडेकरू गवंडीकाम करतो. म्हणला, "काका, माती मीच आणतो, टाकतो. दोन महिन्यांचं भाडं सोडा." मी हो म्हणायच्या बेतात आहे. घरून विरोध आहे.

सोयाबीनवाला: घरचं ऐका! मी रंगकामापोटी एक महिना सोडला होता. एक हात मारला, दुसरा दिवाळीला मारतो म्हणला. पुढं भाडं थकलं की एकच उत्तर, "ते कामात धरा की." आणि माळवदावरून पाय घसरला तर दवाखाना कोण भरणार?

भाड्याच्या_खोलीतून: कायम भाड्यानं राहिलेला माणूस म्हणून बोलतो. गळती थांबवणं मालकाचंच काम, त्यात सूट कसली? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४ वाचा. उलट करार नसेल तर दुरुस्ती मालकाकडं. त्यानं टाळली तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करून घेतो आणि खर्च भाड्यातून कापतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. तुमचं वर्षाचं भाडं ५४,०००, पाव हिस्सा १३,५००. तो ९,००० च मागायलाय. काका, तुम्ही फायद्यात आहात.

पत्रेवाला: माळवद काढा, पत्रे टाका. विषय संपला.

गावभागकर: मे महिन्यात त्या पत्र्याखाली तुम्ही येऊन राहा.

कोर्टाच्या_पायरीवर: कलम १४ भाडेकरूसाठी आहे. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती राहायची परवानगी देणारा करार, असेल तर तो कायद्यानं भाडेकरू नाही, तिथं करारात लिहिलेलंच चालतं. काकांनी कलम ५५ बघावं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. तोंडी "दोन महिने सोडले"चे उद्या चार झाले तर काय करणार? भाडं पूर्ण घ्या, पावती द्या. कामाचे पैसे वेगळे द्या, सही घ्या.

सोयाबीनवाला: हेच म्हणायलोय मी. दोन व्यवहार, दोन कागद.

भाड्याच्या_खोलीतून: तुमचं कागदाचं ठीक आहे. पण भाडं आधी भरा, मजुरी मागून घ्या, यात माती आणायला पैसा त्यानं कुठून आणायचा?

गावभागकर: काल त्यालाच विचारलं. म्हणला, "रोख नका देऊ काका. हातात आले की घरी पोचेपर्यंत उरत नाहीत. भाडं कटलं तर कटलं." त्याची बायको दारात उभी होती, तिनं मान हलवली. मातीचे पैसे मी देतो म्हणलोय. सूट दीड महिन्याची, वहीत लिहून दोघांच्या सह्या. घरून अजून विरोधच आहे.